दातांची झीज : दुखायची वाट पाहू नका

झिजलेल्या दातांना ‘किडलेले’ म्हणणारी पत्रं थांबत नाहीत. कीड जंतूंमुळे लागते. झीज जंतूंशिवाय होते. दातावर दात घासून, ब्रशने खरवडून किंवा आम्लात विरघळून. बहुतेकांच्या तोंडात यातली दोन कारणं तरी एकत्र नांदतात.

प्रश्न : झिजलेलं इनॅमल, म्हणजे दातावरचं टणक आवरण, परत येतं का?

नाही.

प्रश्न : मग ‘इनॅमल पुन्हा घडवणारी’ टूथपेस्ट?

नुकत्याच मऊ पडलेल्या पृष्ठभागात खनिजं भरायला ती मदत करते. गेलेला थर घडवत नाही, कारण तो बनवणाऱ्या पेशी दात उगवेपर्यंत संपलेल्या असतात. खोक्यावरची मोठी अक्षरं सोडा, मागची बारीक वाचा. फ्लोराइड १००० ते १५०० पीपीएम असेल तर मोठ्यांना साधी पेस्टही चालते. आणि दात ‘पांढरे’ करणारी कोळशाची पावडर घेतली असेल, तर टाकून द्या.

प्रश्न : ब्रश कडक की मऊ?

मऊ. हातही हलका.

प्रश्न : मी रोज सकाळी लिंबूपाणी घेते आणि आम्ल राहू नये म्हणून लगेच ब्रश करते. तरी समोरच्या दातांच्या कडा पारदर्शक दिसू लागल्यात. लिंबू तर नैसर्गिक ना?

जठरातलं आम्लही नैसर्गिकच असतं, ताई. तोंडातला पीएच (आम्लाचं माप; आकडा जितका कमी, तितकं आम्ल तीव्र) साधारण ५.५च्या खाली उतरला की इनॅमल विरघळू लागतं. लिंबाच्या रसाचा पीएच २ ते ३. पाणी घालून तो फारसा चढत नाही. अशा मऊ पडलेल्या दातावर तुम्ही त्याच क्षणी ब्रश चालवता! लाळ आम्ल धुऊन काढते, खनिजंही परत देते, पण तिला वेळ लागतो. तेव्हा ब्रश आधी उरकून घ्या. नंतर फक्त साध्या पाण्याने चूळ भरा. पुन्हा ब्रश करायचाच असेल तर तासाभराने. एकच ग्लास तासभर घोट घोट पिणं सर्वांत वाईट, कारण दर घोटाला लाळेचं काम पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. ‘शुगर-फ्री’ शीतपेयवाल्यांनीही खूश होऊ नये. साखर गेली, आम्ल तिथेच आहे.

पण नुसतं लिंबू सोडून स्वस्थ बसू नका. वरच्या समोरच्या दातांची आतली बाजू झिजली असेल तर आम्ल पोटातून वर येत असण्याची शंका येते. छातीत जळजळ, घशाशी आंबट येणं, वारंवार उलट्या, यातलं काही असेल तर दंतवैद्याबरोबर फिजिशियनलाही दाखवा. पत्रातून मला दात दिसत नाहीत.

प्रश्न : हे झोपेत दात खातात. सासूबाई म्हणतात, जंत झालेत.

जंतांचं औषध दिल्याने दात खाणं थांबेल, ही आशा सोडा. ताण, काही औषधं, झोपेत श्वास अडकणं यांच्याशी त्याचा संबंध असतो. ते घोरत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. नाइट गार्ड, म्हणजे झोपताना दातांवर बसवायचं कवच, दात वाचवतो, सवय मोडत नाही. तो दातांचं माप देऊन करून घ्या. ‘सगळ्यांना बसणारा’ मागवू नका.

प्रश्न : दाढा सपाट झाल्यात, पण दुखत नाहीत. थांबलो तर चालेल?

कशासाठी थांबायचं? इनॅमलमध्ये नसा नसतात, ते जाताना कळतच नाही. वयानुसार थोडी झीज होतेच. तुमची तेवढीच आहे का, हे तपासल्यावर कळेल. वेळेत आलात तर फोटो आणि मापं घेऊन, कारण शोधून बऱ्याचदा भागतं. उशिरा आलात तर फिलिंग, कॅप, कधी रूट कॅनाल.

प्रश्न : गार पाण्याने कळ येते. सेन्सिटिव्ह पेस्ट किती दिवस वापरू?

दोन ते चार आठवडे, रोज. फरक पडला नाही तर दाखवा. एकाच दातात कळ येत असेल तर तेवढंही थांबू नका. तो तडकलेला असू शकतो.