तुझा तो विचित्र चित्रकार

नौपाडा, ठाणे

प्रिय पोरी,

रात्री उशिरा पाठवलेला तुझा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. इतकं आडून आडून विचारायची गरज नव्हती गं. माझं अर्धं आयुष्य साबणाच्या जाहिरातींत अंघोळ करणाऱ्या बायका काढण्यात गेलं, मला कसला धक्का बसणार?

मुद्दा असा ना, की त्या परदेशी चित्रकाराच्या चावट कॉमिक्सचे दोन खंड तुझ्या हाती लागले. त्यात माणसांच्या शरीरांची अदलाबदल होते आणि मग ती माणसं त्या परक्या शरीरांनिशी अंथरुणात शिरतात. तुला किळस आली, हसू आलं, आणि तरी तू पानं उलटत जागी राहिलीस. 'मावशी, माझ्या डोक्यात काही गडबड आहे का?' असं विचारलंयस. अजिबात नाही. तू दिवसभर महाप्याच्या त्या ॲनिमेशन स्टुडिओत दुसऱ्यांनी काढलेल्या पोझेस साफ करत बसतेस. जमलेली पोझ दिसली की तुझी नजर तिथे अडणारच, मग ती देवीची असो नाहीतर टॉवेल गुंडाळलेल्या कारकुनाची.

त्या माणसाचं काम मला माहीत आहे. एक खंड माझ्या कपाटातही आहे, मागच्या रांगेत. नाव इथे लिहीत नाही, पत्र कुणाच्याही हाती लागतं. आधीच सांगते, मला या प्रकारात काडीचाही रस नाही. माझी आवड तुला ठाऊक आहे: रिकामा बसस्टॉप, गॅलरीत वाळत घातलेले कपडे, न बोलता बसलेली दोन म्हातारी माणसं. या गृहस्थाच्या पानांवर मात्र गर्दीच गर्दी. एक लग्नाचं अख्खं वऱ्हाड एकमेकांच्या अंगात अडकतं, आणि कोण नवरी नि कोण तिचा सासरा हे शोधता शोधता वाचणारा दमून जातो. त्या गोष्टी वाचून माझ्या मनात जे काही हलतं ते शृंगारापैकी नसतं. तरीही हा माणूस चित्रकार म्हणून पहिल्या प्रतीचा आहे, असं मी कुणालाही सांगेन. कारल्याची भाजी न खाणाऱ्या बाईलाही ती जमलीये की नाही, हे वासावरून कळतं.

पहिल्या खंडातलं स्वयंपाकघराचं पान काढ. तेच, ज्यात संवादाचा एकही बलून नाही. पन्नाशीचा टकला हिशेबनीस आणि तिशीतली पोहण्याची प्रशिक्षक, दोघांची अदलाबदल झाल्याची पहिली सकाळ. ती गॅसपाशी उभी आहे, म्हणजे तिचं शरीर उभं आहे. पावलं बाहेर वळलेली, कंबर पुढे ढकललेली, आणि एक तळवा पोटावर टेकवल्यासारखा. पण तळवा पोटाला लागलेला नाही, वीतभर पुढे हवेत आहे. जिथे त्या हिशेबनिसाची ढेरी असायची, तिथे. पुढच्या चौकटीत एक बोट नाकाच्या दांडीकडे जातं, चष्मा वर सरकवायला. चष्मा नाही. तिकडे टेबलापाशी बसलेलं ते टकलं शरीर दोन्ही हात मानेमागे नेतंय, ओले केस उचलून बाजूला घ्यावेत तसं. बोटांत काहीच येत नाही, आणि हात क्षणभर तिथेच राहतात. चेहरे पाहा, त्यांत त्याने काहीही फिरवलेलं नाही. भुवया त्याच, ओठ तेच. स्वस्तातला चित्रकार असता तर बाईच्या चेहऱ्यावर बाप्याचा आव आणला असता, नाहीतर डोक्यावर बाण काढून नाव लिहून टाकलं असतं. याने फक्त सवयी हलवल्या आहेत. आत कोण आहे हे वाचणाऱ्याला हातांवरून कळतं.

तुमच्या मॉडेल शीटवर, म्हणजे पात्राच्या नमुन्याच्या कागदावर, चेहरा सात-आठ बाजूंनी काढलेला असतो, हातही असतात. पण ते पात्र काही करत नसताना उभं कसं राहतं, हे किती जणांनी काढलेलं असतं? शरीर बदललं तर पात्राचं काय उरेल, हा प्रश्न या माणसाने स्वतःला इतक्या वेळा विचारलाय की त्याच्याकडे उत्तरांचा साठा झालाय. आपण सभ्य चित्रं काढणारे त्या प्रश्नाच्या वाटेला जातच नाही, कारण आपल्याला गरज पडत नाही. त्याला त्याच्या त्या चमत्कारिक ओढीपायी गरज पडली. ओढ त्याची त्याला लखलाभ. साठा मात्र आपल्याला घेता येतो.

आता त्या कपडे उतरवण्याच्या पानाबद्दल, ज्यावर तू 'शी' असं लिहिलंयस. पुन्हा बघ. तिथे आरसा असता तर मीही पुस्तक मिटलं असतं. या जातीच्या कॉमिक्समध्ये आरसा ठरलेला असतो: नव्या शरीराकडे टक लावून बघणं, चार चौकटी, संपलं. याने आरसा ठेवलेलाच नाही. हिशेबनिसाला पाठीमागचा हूक काढता येत नाही. कोपर वर जातं, खाली येतं, मान वाकडी होते, शेवटी तो पट्टा फिरवून हूक पुढे आणायला बघतो आणि त्यातही अडकतो. पाच चौकटी नुसत्या कोपरांच्या. त्या वाचताना आधी हसू येतं आणि मग त्या माणसाची कीव येते, कारण तो वासनेपेक्षा कितीतरी जास्त गोंधळलेला आहे. मग पुढच्या पानावर जे होतं ते मला नाही आवडलं, तरी ते दोन कठपुतळ्यांमध्ये होत नाही. दोन माणसांमध्ये होतं.

'इतकं विकृत कुणाच्या डोक्यात येतं?' हे तुझं वाक्य. अगं, आपल्याच लोकांच्या डोक्यात फार आधी येऊन गेलंय. 'भगवदज्जुकम्' हे संस्कृत प्रहसन साधारण सातव्या शतकातलं मानतात. कुणी ते बोधायनाचं म्हणतं, कुणी पल्लव राजा महेंद्रवर्म्याचं. यमदूत चुकीच्या बाईचा जीव घेऊन जातो, ती वसंतसेना नावाची गणिका. शेजारीच बसलेला संन्यासी शांडिल्य या आपल्या शिष्याला योगाची ताकद दाखवायला तिच्या मृत देहात शिरतो. चूक लक्षात आल्यावर यमदूत परत येतो, बघतो तर देहात आधीच कुणीतरी. मग तो गणिकेचा जीव संन्याशाच्या पडलेल्या देहात ठेवून देतो. पुढे काय होतं ते तूच डोळ्यांसमोर आण: गणिका उपदेश करतेय आणि संन्यासी लाडात येऊन प्रियकराला बोलावतोय. केरळात कूडियाट्टम ही संस्कृत नाटकाची जुनी परंपरा चालवणारे आजही ते रंगवतात.

महाभारताच्या अनुशासनपर्वात भीष्म युधिष्ठिराला भंगास्वन राजाची गोष्ट सांगतो, ती तर तुझ्या चित्रकारालाही पुरून उरेल. सरोवरात उतरलेला राजा बाई होऊन बाहेर येतो, बाई म्हणून त्याला मुलं होतात, आणि शेवटी इंद्र प्रसन्न होऊन पुन्हा पुरुष करतो म्हणाला तर ती नको म्हणते. कारणही सांगते: स्त्रीला संगाचं सुख जास्त असतं. हे शरपंजरी पडलेला आजोबा नातवाला सांगतोय बरं का. आणि आपण व्हॉट्सॲपवर एकमेकांना संस्कृती शिकवत असतो.

नटाकडे मात्र चालणं असतं, आवाज असतो, प्रेक्षकाचं हसू झेलायला वेळ असतो. गडकरी रंगायतनला चांगला नट हाताच्या एका झटक्यात बाप्याचा बाई होतो आणि शेवटच्या रांगेला ते पोचतं. कॉमिकवाल्याकडे थांबलेली रेघ आणि दोन चौकटींमधली फट, एवढंच. त्यात हे जमवणं फार अवघड काम आहे. तुझी झोप त्याने उडवली असेल, ती मला वाटतं त्यामुळेच.

दाद द्यायची म्हणजे सगळं माफ करायचं असं मात्र समजू नकोस. माझी त्याच्याशी दोन मोठी भांडणं आहेत. त्याचे पुरुष शंभर तऱ्हांचे असतात, ढेरपोटे, खांदे पडलेले, गुडघे जवळ आलेले. बायका सगळ्या एकाच साच्याच्या, कंबर मुठीत मावेल अशी. ज्या माणसाला हिशेबनिसाची ढेरी हवेतसुद्धा दिसते त्याला बायकांचे दंड नि पोटऱ्या दिसू नयेत? हा आळस आहे. त्याला आवड वगैरे नाव देऊन मी सोडून देणार नाही.

दुसरं भांडण जास्त गंभीर आहे. शरीर एकाचं आणि आत जीव दुसऱ्याचा, तर 'हो' म्हणायचा हक्क कुणाचा? अदलाबदलीच्या गोष्टीत हा प्रश्न पहिल्या पानापासून बसलेला असतो. पहिल्या खंडात चित्रकार तो टाळत नाही. ती दोघं स्वयंपाकघरातच बसून काय चालेल नि काय नाही ते ठरवतात, आणि तो संवाद मला अख्ख्या पुस्तकात सगळ्यात उत्कट वाटला. दुसऱ्या खंडात एक जण दुसऱ्याच्या देहात शिरून त्याच्या बायकोला फसवतो, तिला शेवटपर्यंत पत्ता लागत नाही, आणि चित्रकार हे गमतीत काढतो. ती फसवणूक आहे, आणि फसवून घेतलेली संमती ही संमती नसते. तिथे मी थांबले. मजा म्हणजे तिथे रेघही घसरते: मागची खोली गायब, चेहरे छापील, हात चादरीखाली लपवलेले. प्रश्न टाळला की हातही टाळावे लागतात बहुतेक.

म्हणून सांगते, एका पानावरून या माणसाला डोक्यावर घेऊ नकोस आणि एका पानावरून फेकूनही देऊ नकोस. अख्खं काम समोर ठेव. आपल्याकडे कोर्टात यावर पुरेसा कीस पडलाय. 'रंभा' मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातली चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' अश्लील ठरवून मुंबई उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी धरलं होतं. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडलं, आणि तेही संपूर्ण कथेचा विचार करून. कोर्टाला जर सगळं वाचायचा धीर होता, तर तुलाही असू दे.

कोर्टाचा विषय निघालाच आहे तर व्यवहाराचंही सांगून टाकते, कारण तुम्ही पोरं भलत्या ठिकाणी भोळी असता. ती पानं स्टुडिओच्या ग्रुपवर टाकायची नाहीत. 'बघ ना पोझ कसली आहे' म्हणूनसुद्धा नाही. अश्लील मजकूर इलेक्ट्रॉनिक स्वरूपात पसरवला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७ वं कलम आहे: पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. कलेचा बचाव मागाहून करता येतो, वकिलाची फी आधी भरावी लागते. आणि शेजारच्या टेबलावरच्या मुलीला नको असताना अशी चित्रं दाखवणं हा कामाच्या ठिकाणासाठीच्या २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळ धरला जाऊ शकतो. कायदा बाजूला ठेवला तरी, तिला नको असेल तर नको. नुकतंच संमतीवर एवढं बोललो ते कॉमिकपुरतं नव्हतं.

आईला सांगायचं का, हेही विचारलंयस. तू सव्वीस वर्षांची आहेस, स्वतःच्या पैशाने पुस्तकं घेतेस. सांगायलाच पाहिजे असं काही नाही. पण तिच्या हाती लागलं तर खोटं बोलू नकोस. 'कामासाठी बघते' हे अर्धसत्य आहे, आणि आयांना अर्धसत्य लगेच कळतं. 'मला आवडत नाही, पण सोडवतही नाही' हे तू मला लिहिलंस, तेच तिलाही चालेल.

आता काम. ठाणे स्टेशनवर वाशी-पनवेलच्या गाड्या सुटतात त्या फलाटावर रोज सकाळी तू उभी असतेसच. फोन बॅगेत ठेव. दोन माणसं निवड, शक्य तितकी वेगळी. समज, पिशवी दोन पावलांमध्ये दाबून, पदराचं टोक मुठीत धरून उभी असलेली भाजीवाली, आणि खांबाला एक तळपाय मागे टेकवून रील बघणारा कॉलेजचा पोरगा. दोघांची उभं राहण्याची रेघ काढ, पंधरा-वीस सेकंदांत, चेहरा नकोच. मग ऐरोली येईपर्यंत अदलाबदल कर: पोराच्या अंगात ती बाई, बाईच्या अंगात तो पोरगा. पोराचं शरीर पिशवी नसतानाही पावलांमध्ये जागा राखेल. बाईचं शरीर खांबाला पाय टेकवायला जाईल आणि साडी आड येईल. मग ते काय करेल? तिथेच चित्र आहे. आणि कुणाचा चेहरा ओळखू येईल असं काढायचं नाही, ती माणसं आपल्याला पोझ द्यायला उभी नसतात.

एक सूचना, फलाटावरच्या माणसांना त्या चित्रकाराच्या गोष्टींत नेऊन बसवू नकोस. त्याचा विषय त्याच्याकडे राहू दे, तुला तो मनापासून नकोच आहे. तुझ्या मनात जी गोष्ट आहे, ती आजी आणि नातीची, तीत आजीचा आजार नातीच्या अंगात दिसायला हवाय म्हणत होतीस ना? चार महिने तू आजीचा चेहरा खोडतेयस. चेहरा सोड. आजी खुर्चीतून उठताना आधी काय धरते ते बघ, आणि ते नातीला दे.

रविवारी ये, पण दुपारी चारनंतर. त्याआधी नातू घरी असतो आणि त्याला कपाटातली मागचीच रांग आवडते. येताना स्केचबुक आण, लॅपटॉप नको. तो दुसरा खंडही आण. ती चादरीची पानं मला तुझ्यासमोर पुन्हा बघायची आहेत, हात कुठे असायला हवे होते ते दोघी मिळून काढू.

तुझी,
मावशी