निर्दोष माणसाला खुनात अडकवल्याबद्दल सरकारी वकिलाला कधी शिक्षा झालीय का?

झालीय, पण किती ते ऐकून हसावं की रडावं कळत नाही.

टेक्सासची विल्यमसन काउंटी. 1986 मध्ये मायकल मॉर्टन यांच्या पत्नीचा राहत्या घरात खून झाला. डिस्ट्रिक्ट अटर्नी, म्हणजे काउंटीचे मुख्य सरकारी वकील, केन अँडरसन यांनी नवऱ्यालाच आरोपी केलं आणि 1987 मध्ये जन्मठेप मिळवली. पोलिसांच्या कागदांत मात्र वेगळंच होतं. 3 वर्षांच्या मुलाने आजीला सांगितलं होतं की आईला 'राक्षसाने' मारलं, बाबा तेव्हा घरी नव्हते. शेजाऱ्यांनी एक हिरवी व्हॅनही पाहिली होती. यातलं काहीच बचावाच्या वकिलांना दाखवलं नाही.

अँडरसन यांची गाडी इकडे सुसाट! 1995 मध्ये राज्यातल्या उत्कृष्ट सरकारी वकिलाचा मान, 2002 मध्ये थेट न्यायाधीशपद.

घराजवळ सापडलेल्या रक्ताळलेल्या रुमालाची डीएनए तपासणी त्यांच्यानंतर आलेल्या डिस्ट्रिक्ट अटर्नींनी वर्षानुवर्षं अडवून धरली. ती झाली तेव्हा खुनी दुसराच निघाला. मॉर्टन जवळपास 25 वर्षांनी, 2011 मध्ये सुटले. त्याच खुन्याने 1988 मध्ये ऑस्टिनमध्ये आणखी एका बाईचा जीव घेतला होता, हे पुढे कोर्टात सिद्ध झालं. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात भयंकर गोष्ट हीच.

2013 मध्ये अँडरसन यांनी न्यायाधीशपद सोडलं, सनद गमावली, 500 डॉलर दंड भरला. कैद 10 दिवसांची, त्यातही चांगल्या वर्तणुकीची सूट. त्याच वर्षी टेक्सासने 'मायकल मॉर्टन कायदा' करून सरकारी वकिलांना फाइल बचाव पक्षापुढे उघडायला लावली.