सुधारला, पण कुणाच्या तुलनेत?

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही अशोक चौकाच्या मागं राहतो. मुलगा साडेचार वर्षांचा आहे, अडीच वर्षांचा असताना ऑटिझम सांगितला. स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) चालू आहे, आता हाक मारली की कधीकधी बघतो, पाणी पाहिजे असलं की माझा हात धरून माठाकडं नेतो. मागच्या महिन्यात बाहेरगावच्या एका क्लिनिकचा इथं कॅम्प झाला, त्यांनी स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी टोचायचा उपचार सांगितलाय. पाठीच्या मणक्यातून इंजेक्शन, तीन वेळा, एकूण साडेसात लाख. दहातली आठ पोरं सुधारतात म्हणाले, आधीचे-नंतरचे व्हिडिओ दाखवले, रिसर्चनं सिद्ध झालंय असं पत्रकावर छापलंय. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत. माझे दागिने मोडायचे आणि उरलेलं जागेवर कर्ज काढायचं असं घरात चाललंय, सासूबाई म्हणतात पोरापुढं पैसा काय. मला काय करावं कळंना झालंय. रिसर्च खरा का खोटा हे आमच्यासारख्यांनी ओळखायचं कसं?

उत्तर : ताई, दागिने मोडू नका. हे आधी सांगून टाकते, कारण माझं बाकीचं उत्तर वाचून होईपर्यंत तुम्हाला त्यांचा फोन येईल की सवलत या आठवड्यापुरतीच आहे.

आता का ते सांगते. दहातली आठ मुलं सुधारली हे त्यांचं म्हणणं घटकाभर खरं धरू. पण तुमच्याच पत्रात काय लिहिलंय बघा, काहीही न टोचता तुमचा मुलगा हाकेला बघायला लागला, हात धरून माठापर्यंत न्यायला लागला. या वयात मूल वाढतंच, ऑटिझम असला तरी त्याच्या त्याच्या चालीनं वाढतं, वर थेरपी चालू असते, वर तुम्ही दिवसभर त्याच्यामागं असता. अशा मुलाला आज इंजेक्शन दिलं आणि सहा महिन्यांनी विचारलं की काही फरक पडला का, तर पडलेला असणारच. तो इंजेक्शनचा का त्या सहा महिन्यांचा, हे कसं ठरवायचं? म्हणून कुणीही सुधारणा सांगितली की एकच विचारायचं, कुणाच्या तुलनेत? ज्यांना दिलं नाही अशा तशाच मुलांचं त्याच काळात काय झालं?

सेक्रेटिनची गोष्ट सांगते, मला ती प्रत्येक आईबापाला सांगावीशी वाटते. सेक्रेटिन म्हणजे पचनाच्या कामाचं एक हार्मोन. १९९८ मध्ये अमेरिकेत तीन ऑटिस्टिक मुलांचा रिपोर्ट छापून आला, पोटाच्या तपासणीसाठी त्यांना हे दिलं होतं आणि त्यानंतर म्हणे ती नजरेला नजर द्यायला लागली, बोलायला लागली. टीव्हीवर आलं आणि झुंबड उडाली, लोक वाट्टेल तेवढे पैसे मोजून इंजेक्शन घ्यायला लागले. मग १९९९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक नीट केलेली ट्रायल आली. ६० मुलं घेतली, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले, एका गटाला सेक्रेटिन आणि दुसऱ्याला नुसतं सलाइन, आणि कुणाला काय मिळालं हे आईबापांनाही माहीत नाही, मुलाला तपासणाऱ्यालाही नाही. निकाल काय आला? लक्षणं दोन्ही गटांत कमी झालेली दिसली! सलाइनवाल्यांचीसुद्धा. सेक्रेटिनचा वेगळा असा काही फायदा निघाला नाही. आणि मला सगळ्यात आत लागलेली गोष्ट पुढंच आहे, हा निकाल सांगितल्यावरही त्यातल्या ६९ टक्के पालकांनी सांगितलं की आम्हाला सेक्रेटिनमध्ये अजून रस आहे. ती माणसं वेडी नव्हती हो. लेकरू आपल्याकडं एकदा बघून हसलं की आई ते आयुष्यभर विसरत नाही, आणि नाही बघितलं ते विसरते. साडेसात लाख घालून आलेल्या आईची नजर तर फरक शोधणारच.

म्हणून व्हिडिओवर जाऊ नका. व्हिडिओ ज्यांचा चांगला येतो त्यांचाच दाखवतात, बाकीची मुलं कुठं गेली ते कुणी सांगत नाही.

स्टेम सेलचीही अशी तुलना झालेली आहे. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीनं १८० मुलांवर ट्रायल केली, स्टेम सेल असलेलं नाळेतलं रक्त एका गटाला आणि दुसऱ्या गटाला तसंच दिसणारं पण पेशी नसलेलं द्रव, २०२० मध्ये निकाल आला, आणि मिळूनमिसळून वागण्यात सुधारणा होते का हा जो मुख्य प्रश्न ठरवला होता त्यात दोन गटांत ठोस फरक निघाला नाही. क्लिनिकवाले म्हणतील आमची पद्धत वेगळी, आम्ही मणक्यातून देतो. ठीक आहे, मग त्या पद्धतीची अशीच चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल दाखवा म्हणा. मणक्यात सुई घालायची म्हणजे लहान मुलाला भूल द्यावी लागते, त्याची जोखीम आपल्या लेकराची असते. आणि हे तर नक्की विचारा, डिसेंबर २०२२ मध्ये आपल्याच नॅशनल मेडिकल कमिशननं, म्हणजे देशातल्या डॉक्टरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेनं, ऑटिझमवर उपचार म्हणून स्टेम सेल देऊ नये असं सांगितलंय ते तुम्हाला माहीत आहे का?

कुणी म्हणालं की हा प्रयोगाचा भाग आहे, तर क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियाचा नोंदणी नंबर मागा. वेबसाइट सगळ्यांना खुली आहे, सायबर कॅफेतल्या पोराला सांगितलं तरी तो काढून देईल. नंबर असला म्हणजे औषध लागू पडतं असं नाही, ते तपासायला घेतलंय एवढंच. आणि खऱ्या प्रयोगात ज्याची परीक्षा चाललीय त्याच उपचाराचे पैसे पेशंटकडून घ्यायचे नसतात. तुमच्याकडून साडेसात लाख मागतायत म्हणजे तो प्रयोग नाही, विक्री आहे.

मग करायचं काय, हातावर हात ठेवून बसायचं? अजिबात नाही. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथं ६५ मुलांवर एक ट्रायल झाली, मोठे स्पेशालिस्ट नाही तर शिकवून तयार केलेले साधे आरोग्य कार्यकर्ते घरी जाऊन आईबापांना शिकवायचे की मुलाशी खेळताना त्याच्या मागं कसं जायचं, थांबायचं कुठं, बोलायचं कधी. तुलना करून बघितलं तर आईबापाचं मुलाशी जुळवून घेणं वाढलं आणि मुलं स्वतःहून जास्त संवाद सुरू करायला लागली. ऑटिझम गेला असं त्यात कुणी म्हटलेलं नाही, आणि तेवढ्यासाठीच माझा त्यावर जास्त भरवसा बसतो. तुमच्या माठाचंच घ्या. हात धरून नेलं की लगेच पेला देऊ नका, तोंडासमोर धरून पाच आकडे थांबा, त्यानं बघितलं, आवाज काढला, बोट केलं, काहीही केलं की लगेच द्या. तुमच्या स्पीचवाल्या मॅडमना हे विचारा, त्या आणखी दाखवतील.

आणि एक वही घाला. माझ्याकडं येणाऱ्या एका आईनं महागडं सिरप सुरू केलं होतं, खूप फरक आहे म्हणायची. मी म्हटलं सिरप चालू का बंद हे नणंदेला सांगू नका, आणि रोज जेवताना तिलाच दहा हाका मारायला लावून किती वेळा बघितलं तेवढ्या रेघा ओढायला सांगा. दोन आठवडे चालू, दोन आठवडे बंद, असं दोनदा केलं. वही घेऊन आली तेव्हा कुठं तीन रेघा कुठं चार, सिरप असो नसो सारखंच. बराच वेळ ती पानं उलटत बसली, मग म्हणाली की यातले पैसे ओटीला घालते.

प्रश्न : विजापूर रोडवरून लिहितो. नातवाचं गहू आणि दूध बंद करा, ऑटिझम कमी होतो, असं एकानं सांगितलंय. करावं का? – एक आजोबा

उत्तर : आजोबा, गव्हाचं म्हणाल तर आपल्याकडं ज्वारीची भाकरी आहेच, तिच्यात ग्लुटेन म्हणजे गव्हातलं प्रथिन नसतं, नातू आवडीनं खात असेल तर खाऊ द्या. पण ऑटिझमवर उपाय म्हणून दोन्ही बंद करायला पुरावा नाही. अमेरिकेत १४ मुलांना आधी या आहारावर ठेवून मग गहू आणि दुधाचं प्रथिन घातलेला खाऊ कुणालाही न कळता देऊन बघितला, वागण्यात काही फरक पडला नाही. ट्रायल लहान आहे हे खरं, पण मोठी ट्रायल होऊन फायदा दिसलाय असंही नाही. यातली बरीच मुलं मुळातच चार पदार्थच खातात, त्यात दूध तोडलं तर कॅल्शियम जायचं. पोट सारखं बिघडत असेल तर मात्र बालरोगतज्ज्ञांना दाखवा, तो वेगळा विषय आहे.

प्रश्न : मोठ्याला लसीमुळं झालं असं सगळे म्हणतात. धाकटी सव्वा वर्षाची आहे, तिला देऊ का नको?

उत्तर : द्या. ही भीती गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीबद्दलच्या, १९९८ च्या १२ मुलांच्या एका पेपरपासून पसरली, तो लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानं २०१० मध्ये मागं घेतला. डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांची नोंद तपासून २०१९ मध्ये निकाल आला, लस घेतलेल्यांत ऑटिझम जास्त नाही. तिथंही विचारलं तेच, लस न घेतलेल्या मुलांच्या तुलनेत किती. धाकटीचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस सोळा महिन्यांनंतर असतो, आशाताईंना तारीख विचारून कार्डावर लिहून घ्या.