किंबे बे मधलं झीरो विमान : तुम्ही विचारलंत

प्रश्न : एका व्हिडिओत पाहिलं, पापुआ न्यू गिनीच्या समुद्रात दुसऱ्या महायुद्धातलं जपानी फायटर विमान वाळूवर जसंच्या तसं बसलंय आणि डायव्हर त्याच्या कॉकपिटमध्ये डोकावतायत. हे खरंच युद्धातलं आहे की टुरिस्ट लोकांसाठी मुद्दाम बुडवलंय? आणि पडलेलं विमान इतकं अख्खं कसं काय राहिलं?

उत्तर : अगदी खरं आहे, मुद्दाम बुडवलेलं वगैरे काही नाही. हे झीरो विमान आहे, म्हणजे जपानी नौदलाचं लढाऊ विमान. पापुआ न्यू गिनीतल्या न्यू ब्रिटन बेटाच्या उत्तर किनाऱ्याला किंबे बे म्हणून मोठा उपसागर आहे, तिथे काठापासून जेमतेम शंभरेक मीटरवर, साधारण १५ मीटर खोल पाण्यात ते बसलंय. एवढं जवळ असून पन्नास वर्षांवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं! २००० च्या जानेवारीत तिथलाच एक माणूस समुद्रकाकड्या (तळाशी राहणारे मऊ प्राणी) गोळा करायला नुसता दम रोखून खाली गेला होता, त्याला ते दिसलं.

आता तिथे आलं कसं ते सांगते. २६ डिसेंबर १९४३ ला अमेरिकेची फर्स्ट मरीन डिव्हिजन बेटाच्या पश्चिम टोकाला, केप ग्लॉस्टरला उतरली. जपान्यांचा मोठा तळ त्याच बेटाच्या पूर्व टोकाला, रबौलला. जपानी विमानं अमेरिकन जहाजांवर तुटून पडली, ब्राउनसन नावाची विनाशिका त्यांनी त्याच दिवशी बुडवली, पण त्यांची स्वतःचीही बरीच विमानं गेली. आपलं हे झीरो त्याच दिवसाचं मानतात, जपानी नौदलाच्या २०४ नंबरच्या हवाई तुकडीतलं. नकाशा उघडून बघा, किंबे बे या दोन टोकांच्या मधेच येतो.

अख्खं राहण्याचं कारण म्हणजे ते कोसळलेलं नाहीच, ते उतरवलेलं आहे. सापडलं तेव्हा कॉकपिटमधले कंट्रोल उतरण्यासाठी लावलेले होते आणि विमानाच्या अंगावर गोळ्यांची भोकं किंवा स्फोटाचे तुकडे लागल्याच्या खुणा दिसल्या नाहीत. म्हणजे इंजिनाने दगा दिला असेल नाहीतर पेट्रोल संपलं असेल, पण पायलटने शेवटपर्यंत विमान हातातून सुटू दिलं नाही आणि पाण्यावर असं टेकवलं की पंख शाबूत राहिले. मला तर त्या जागेची खरी गोष्ट हीच वाटते, लोक विमान बघायला जातात पण तिथे दिसतं ते एका पायलटचं शेवटचं लँडिंग. तो जिवंत बाहेर पडला असावा असं मानतात, पण आपल्या तुकडीत मात्र तो कधीच परत पोचला नाही.

आणि झीरो असं अख्खं सापडणं किती दुर्मिळ आहे ते कळायला ते विमान बनवलं कसं होतं ते बघायला हवं. मित्सुबिशीच्या जिरो होरिकोशी यांनी हे डिझाइन केलं, १९४० साली नौदलात आलं. जपानी कालगणनेत ते २६०० वं वर्ष, शेवटचा आकडा शून्य, म्हणून झीरो. सुरुवातीच्या मॉडेलचं इंजिन हजार हॉर्सपॉवरच्याही आतलं, तरी जादा टाकी लावली की ३००० किलोमीटरच्या वर जायचं आणि वळायचं इतकं चटकन की समोरच्याला कळायच्या आत त्याच्या शेपटीमागे. हे जमलं कारण रिकामं वजन १७०० किलोच्या आसपासच ठेवलं होतं. पण ते वाचवलं कुठून? पायलटच्या पाठीमागे चिलखती पत्रा नाही, आणि पेट्रोलच्या टाक्यांना गोळी लागली की भोक आपोआप बुजवणारं अस्तर नाही. त्यामुळे टाकीत गोळी शिरली की झीरो हवेतच पेट घ्यायचं. पायलटच्या जिवावर वाचवलेलं वजन होतं ते, आणि मला याचं फार वाईट वाटतं. दहा हजारांवर झीरो बनली पण अशी शांतपणे खाली बसलेली मोजकीच.

प्रश्न : मग ते वर काढून म्युझियममध्ये का ठेवत नाहीत? पाण्यात सडूनच जाणार ना?

उत्तर : पाण्यात झिजतंय हे खरं. अॅल्युमिनियम आणि लोखंड एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात राहिले की अॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं, आणि शेपटीवरच्या-पंखांवरच्या हलत्या भागांना झीरोत कापड लावलेलं असायचं, ते तर इतकी वर्षं टिकतच नाही, सांगाडा तेवढा उरतो. पण वर काढलं की झीज थांबते असं अजिबात नाही, उलट वेग वाढतो, कारण पत्र्याच्या आत मुरलेलं मीठ हवा लागताच जोरात काम करायला लागतं. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळून २०१३ साली जर्मन डॉर्नियर बॉम्बर वर काढलं तर ते तिथल्याच कॉस्फर्डच्या म्युझियममध्ये मोठ्या तंबूसारख्या बोगद्यांत ठेवून त्यावर सतत सायट्रिक अॅसिडचं पाणी फवारत बसावं लागलं, का तर मीठ बाहेर निघावं म्हणून. एवढी सोय आणि पैसा आधी हाताशी नसेल तर मी तरी म्हणेन हात लावू नका, समुद्रातच जास्त टिकेल. शिवाय पापुआ न्यू गिनीत युद्धातले असे अवशेष सरकारचे असतात, नॅशनल म्युझियमच्या देखरेखीखाली, कुणी उचलून नेऊ शकत नाही आणि ते बरंच आहे.

प्रश्न : मी नुकताच ओपन वॉटर, म्हणजे स्कूबा डायव्हिंगचा सुरुवातीचा कोर्स केलाय, मला जमेल का?

उत्तर : खोलीच्या हिशोबाने जमेल, तुमची मर्यादा १८ मीटर आणि हे त्याच्या आत. पण आधी पाण्यात एका जागी तरंगत स्थिर राहायची प्रॅक्टिस पक्की करा, कारण खाली वाळू आहे आणि पायातल्या फिन्सचा एक फटका बसला की सगळं गढूळ, मागून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. पंखावर टेकू नका, पत्रा पातळ झालेला असतो. कॉकपिटमध्ये बसून फोटो काढायचा मोह होतो सगळ्यांनाच, तो बाहेरून काढा.