गावाकडची बंद पडलेली रेल्वे लाइन आम्ही काही जण मिळून जपायची म्हणतोय, जुनं इंजिन कुठून मिळवायचं?

इंजिनाचं नंतर बघा हो, आधी लाइनीवरचं पाणी कुठून कुठे जातंय ते बघा. याच मुद्द्यावरून, अशीच एक बंद लाइन जपणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये इतकी वादावादी झालीय की तुमचा प्रश्न वाचून राहवलंच नाही.

वर्गणी जमली तेव्हा एका सीनियर मेंबरचं म्हणणं, आधी डबा रंगवू, फोटो छान येतील, लोक येतील, मग पैसा येईल. मी म्हणत होतो रुळांच्या भरावाखालून पाणी जायच्या बुजलेल्या मोऱ्या उपसू. 'गटारं उपसायला जमलोय का आपण' असं भर मीटिंगमध्ये ऐकवलं मला, आणि डबा रंगवला. पहिल्याच मोठ्या पावसात भरावाच्या एका अंगाला पाणी तुंबलं, मोरीत गाळ, जायला वाट नाही, मग ते भरावावरूनच गेलं आणि जाताना खडी-माती सगळी घेऊन गेलं. सकाळी बघतो तर रूळ खालच्या आडव्या लाकडी स्लीपरांसकट अधांतरी लटकतायत आणि तो रंगवलेला डबा पलीकडे अडकलेला.

तेव्हा कामाला आले आमच्यातले एक रिटायर्ड गँगमन (रुळांची देखभाल करणारे) काका. रुळाला गाल लावून, एक डोळा मिटून लांबवर बघायचे आणि लाइन कुठे बसलीय ते बरोबर सांगायचे. मग पहार घेऊन एकेक स्लीपर टोचत निघाले. वरून ठणठणीत दिसणाऱ्या लाकडात खिळ्याजवळ पहार लोण्यात गेल्यासारखी आत जायची. बीटरने पॅकिंग, म्हणजे स्लीपरखाली खडी ठासून बसवणं, कसं करायचं तेही आम्ही त्यांच्याकडूनच शिकलो. तुमच्याकडे असं कोणी असेल तर आधी त्यांना गाठा, इंजिनवाले भेटत राहतील.

आणि हे फक्त माझं म्हणणं नाही. व्हॉलंटियर्सनी चालवलेली जगातली पहिली हेरिटेज लाइन म्हणजे वेल्समधली टॅलिलिन, 1951 पासून. त्यांना जवळच्याच बंद पडलेल्या कॉरिस रेल्वेची दोन इंजिनं मिळाली, गेजही, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, तेच, 2 फूट 3 इंच. तरी त्यातलं एक सारखं रुळांवरून उतरायचं, कारण टॅलिलिनचे रूळ ठरलेल्या गेजपेक्षा साधारण अर्धा इंच रुंद टाकलेले होते. म्हणजे इंजिन मिळूनही अडलं ते रुळांवरच. तुम्हीही गेज स्वतः मोजा, एका जागी नाही, जागोजागी, वळणावर तर नक्कीच. ते कळल्याशिवाय इंजिन शोधण्यात अर्थ नाही. कळलं की त्याच गेजच्या बंद लाइनी, खाणी, साखर कारखाने असं शोधत जा. आणि चालू स्थितीतल्या इंजिनाचा हट्ट नको, सुरुवातीला ढकलट्रॉली पुरते.

हां, एक राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. जमीन आणि रूळ ज्यांच्या मालकीचे आहेत त्यांची लेखी परवानगी असल्याशिवाय एक खिळासुद्धा काढू नका, चोरीची केस होईल. जुन्या लाकडी स्लीपरांत क्रिओसोट (लाकूड टिकवायचं विषारी डांबरी तेल) मुरलेलं असतं, हातमोजे घाला आणि ते कधीही जाळू नका. जुन्या डब्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं, तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय पत्रे उचकटू नका. वाफेचं इंजिन मिळालंच तर बॉयलरची रीतसर तपासणी झाल्याशिवाय पेटवायचं नाही, कोणी कितीही घाई केली तरी.

आणि ते सीनियर मेंबर हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी: मोऱ्या उपसायचा खर्च रंगाच्या बिलापेक्षा कमी होता, हिशोबाची वही माझ्याकडे आहे, कधीही येऊन बघा.