वाचकांचे प्रश्न : कोणते कवच, कशापासून?

मास्क, फवारणीचा पोशाख, क्ष-किरण विभागातील एप्रन अशा संरक्षक साधनांविषयी आलेल्या पत्रांपैकी काही येथे एकत्र घेतली आहेत. बहुतेक पत्रांचा रोख 'हे साधन चांगले की वाईट' असा आहे. उत्तर देण्यापूर्वी मात्र प्रत्येक वेळी दोन गोष्टी विचाराव्या लागतात : अपाय करणारी वस्तू कोणती, आणि ती शरीरात कोणत्या वाटेने शिरते.

प्रश्न : आमच्या भोवती इमारतींची बांधकामे चालू असल्याने मी एन-९५ मास्क वापरतो आणि मळला की साबणाने धुतो. असे केलेले चालते का? शिवाय वाहनांच्या धुराचा वास मास्कमधूनही येतो. मग मास्क बनावट समजावा काय? (एक वाचक, चेंबूर)

उत्तर : धुतलेला मास्क दिसायला स्वच्छ होतो, पण त्याचा मुख्य गुण त्या धुण्यात जातो. एन-९५ म्हणजे अतिशय बारीक छिद्रांची चाळणी, असा समज सर्वत्र आहे. प्रत्यक्षात त्याच्या तंतूंमधील फटी ज्या कणांना अडवायचे त्यांतील बहुतेकांपेक्षा मोठ्या असतात. पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक वितळवून, गरम हवेच्या झोताने त्याचे सूक्ष्म तंतू ओढून, ते अस्ताव्यस्त थरात जमवले की मास्कचा मधला पडदा तयार होतो. मोठा कण तंतूंमधील वळणावर हवेबरोबर वळू शकत नाही आणि आदळून तेथेच बसतो. अगदी सूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात भरकटतात आणि कोठेतरी तंतूला चिकटतात. या दोहोंच्या मधले, ०.३ मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपासचे कण सर्वांत निसटते असतात, कारण ते वळणावर आदळत नाहीत आणि फारसे भरकटतही नाहीत. म्हणून मास्कची परीक्षा याच आकाराच्या कणांवर घेतात, आणि त्यांपैकी किमान ९५ टक्के अडले तरच ९५ हा आकडा लावता येतो.

हे निसटते कण पकडता यावेत यासाठी तंतूंवर दीर्घकाळ टिकणारा विद्युतभार बसवलेला असतो. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात पीटर त्साय यांनी १९९० च्या दशकात न विणलेल्या कापडावर असा भार चढवण्याची पद्धत विकसित केली आणि त्यामुळे पडदा जाड न करता, म्हणजेच श्वास न कोंडता, गाळण्याची क्षमता कित्येक पटींनी वाढली. साबण आणि अल्कोहोल हा भार घालवतात. मास्कवर सॅनिटायझर फवारणेही त्यामुळे तितकेच चुकीचे आहे. वेष्टनावर 'एन-९५' आणि 'धुऊन वापरा' असे दोन्ही छापलेले असेल, तर धुतल्यानंतरची चाचणी कोणी घेतली, हे दुकानदाराला अवश्य विचारावे. आपल्याकडे अशा मास्कसाठी आयएस ९४७३ हे भारतीय मानक आहे. तो क्रमांक मास्कवर आहे का, हेही पाहावे.

वासाचे म्हणाल तर तो येणारच. वास हा वायूच्या रेणूंचा असतो आणि वरील पडदा फक्त कणांसाठी आहे. वायू आणि बाष्प पकडायला सक्रिय कोळसा लागतो. नारळाच्या करवंटीपासून केलेल्या उत्तम प्रतीच्या एक ग्रॅम कोळशाच्या आतील छिद्रांचा पृष्ठभाग मोजला तर तो हजार चौरस मीटरच्या घरात जातो. पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये बेल्जियममधील ईप्र येथे क्लोरीन हा विषारी वायू सोडला गेल्यानंतर त्याच वर्षी रशियात निकोलाय झेलिन्स्की यांनी अशा कोळशाचा मुखवटा सुचवला, आणि पुढे अमेरिकेने त्यासाठी नागरिकांकडून पीचच्या कोयी गोळा केल्या. कार्बन मोनॉक्साइड मात्र या कोळशालाही दाद देत नाही. बंद गॅरेजमध्ये गाडी चालू ठेवून 'मास्क लावला आहे' असे म्हणणे म्हणूनच प्राणघातक ठरू शकते.

शेवटी, मास्क चेहऱ्यावर बसला पाहिजे. तो घातल्यावर दोन्ही तळहातांनी झाकून जोरात श्वास सोडावा. डोळ्यांकडे किंवा गालांकडे हवा निसटत असेल, तर तेवढी धूळ आतही येते. दाढी राखणाऱ्यांना हा मास्क नीट बसत नाही. श्वास घेणे जड होऊ लागले किंवा पट्टे सैल पडले की मास्क टाकून द्यावा.

प्रश्न : कपाशीवर फवारणी करताना मी तोंडाला रुमाल बांधतो, कधी मास्कही लावतो. तरी संध्याकाळी डोके दुखते, मळमळते. काय चुकते? (एक शेतकरी, यवतमाळ जिल्हा)

उत्तर : आपण नाक-तोंडाची वाट अडवली आहे, औषध मात्र मुख्यतः कातडीच्या वाटेने आत जात असावे. फवारणीत थेंबांचा धुरळा हवेत उडतो हे खरे, पण त्यातील मोठा वाटा हातांवर, मांड्यांवर आणि पाठीवरच्या पंपाच्या गळतीमुळे कमरेखाली पडतो. अंगावरच्या सर्व कातडीची शोषण्याची शक्ती सारखी नसते. जांघेतील त्वचा मनगटाजवळच्या त्वचेपेक्षा कितीतरी पटींनी अधिक शोषते, आणि घामाने भिजलेली सुती पॅन्ट तर औषध अंगाला धरूनच ठेवते. २०१७ च्या हंगामात आपल्याच जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, तेव्हा कपाशी माणसाच्या डोक्याइतकी उंच वाढलेली होती आणि फवारणारा स्वतःच उडवलेल्या धुरळ्यातून चालत होता. वाऱ्याकडे पाठ करून आणि फवारलेल्या ओळीत पुन्हा न शिरता मागे सरकत फवारावे, हा जुना सल्ला त्यामुळे केवळ वडीलधाऱ्यांची सवय म्हणून सोडून देण्यासारखा नाही.

ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील कीटकनाशके मज्जातंतूंचा संदेश संपल्यावर तो आवरणाऱ्या ॲसिटिलकोलिनएस्टरेज या विकराला निकामी करतात. संदेश थांबत नाही. लाळ, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या आकसणे, स्नायू फडफडणे आणि अखेर श्वास बंद पडणे, अशी लक्षणांची साखळी सुरू होते. प्लास्टिकचा अंगभर पोशाख हे विष बाहेर ठेवतो खरा, पण विदर्भातल्या ऑगस्ट-सप्टेंबरच्या दमट उन्हात तो अर्धा तासही अंगावर ठेवणे कठीण, आणि न वापरला जाणारा पोशाख कोणालाच वाचवत नाही. याच अडचणीतून बंगळूरच्या इनस्टेम या संस्थेत प्रवीण कुमार वेमुला यांच्या गटाने वेगळी वाट धरली. त्यांनी विष अडवणारे कापड न करता विष मोडणारे कापड केले. सुती धाग्याला ऑक्झिम जातीचे रेणू रासायनिकरीत्या जोडले की कीटकनाशक त्यावर पडताच त्याचा रेणू पाण्याच्या साहाय्याने तुटतो, आणि त्वचेपर्यंत पोहोचते ते बहुतांशी निरुपद्रवी झालेले असते. विषबाधेवर रुग्णालयात देतात ते प्रालिडॉक्झिम हे औषधही याच जातीचे आहे. म्हणजे औषध शरीरात टोचण्याऐवजी कापडात विणले, असे म्हणता येईल. 'किसान कवच' या नावाने पॅन्ट, सदरा आणि चेहऱ्याचे आवरण असा संच डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीत जाहीर झाला. तो धुऊन पुन्हा वापरता येतो, सुमारे वर्षभर टिकतो आणि त्याची किंमत ४,००० रुपये सांगण्यात आली.

ही किंमत शेतमजुराने भरावी अशी अपेक्षा करणे योग्य नाही. ज्याच्या शेतात फवारणी आहे त्याने, किंवा गटाने, ती उचलावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसरे असे की ही रासायनिक क्रिया ऑर्गॅनोफॉस्फेट वर्ग डोळ्यांसमोर ठेवून योजलेली आहे. डबा दुसऱ्या वर्गाचा असेल तर तेच संरक्षण गृहीत धरू नये. डब्यावरील त्रिकोण लाल असेल तर विष अतितीव्र, पिवळा असेल तर तीव्र, मग निळा आणि हिरवा, हा क्रम पाठ ठेवावा. संच मिळेपर्यंत रबरी हातमोजे, बूट, पंपाखाली पाठीवर प्लास्टिकचा कागद, दुपारचे ऊन टाळणे आणि काम संपताच साबणाने आंघोळ करून कपडे वेगळे धुणे, एवढे तरी करावे. मळमळ आणि डोकेदुखी पुन्हा झाल्यास औषधाचा डबा किंवा त्यावरील कागद सोबत घेऊन त्याच दिवशी दवाखान्यात जावे. डॉक्टरांना विष कोणते हे कळल्याने उपचारातील मोलाचा वेळ वाचतो.

प्रश्न : मी क्ष-किरण तंत्रज्ञ आहे. छातीवर लावायचा बिल्ला किरणांपासून संरक्षण करतो का? आणि शिशाचा एप्रन घातला की मग कोणत्याही किरणोत्सारापासून भीती नाही ना? (नाशिक)

उत्तर : हे दोन्ही समज चुकीचे आहेत. बिल्ला काहीच अडवत नाही, तो हिशेब ठेवतो. आत धातूच्या पट्टीवर डिस्प्रोसियम हे मूलद्रव्य मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या तीन चकत्या असतात आणि त्यांच्यावर वेगवेगळी आवरणे असतात, त्यामुळे मिळालेला किरणोत्सार कोणत्या प्रकारचा होता याचाही अंदाज येतो. किरणांची ऊर्जा या चकत्यांत अडकून राहते. प्रयोगशाळेत चकती तापवली की ती ऊर्जा मंद प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि प्रकाश मोजून मात्रा कळते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ही पद्धत देशात रुजवली. बिल्ला एप्रनच्या आत, छातीच्या उंचीवर लावायचा असतो. काही जण तो जपून कपाटात ठेवतात, तेव्हा कपाटाला किती किरण मिळाले तेवढेच समजते. अणुऊर्जा नियामक मंडळाची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळालेल्या मात्रेचे एकक), आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्ट अशी आहे.

एप्रनमधील शिसे सामान्यतः ०.२५ ते ०.५ मिलिमीटर जाडीच्या शिशाच्या पत्र्याएवढे असते. रुग्णाच्या शरीरावरून विखुरलेल्या क्ष-किरणांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक ते थांबवते, आणि आपल्या विभागात धोका बहुतांशी अशा विखुरलेल्या किरणांचाच असतो. पण कर्करोगाच्या उपचारातील कोबाल्ट-६० चे गॅमा किरण निम्मे करायलाच सुमारे १२ मिलिमीटर शिसे लागते. तेथे हा एप्रन घालून उभे राहणे म्हणजे पाठीवर ओझे घेण्यापलीकडे काही नाही. तेथे जाड भिंत आणि अंतर हेच उपाय. किरणांचा उगम लहान असेल तर अंतर दुप्पट केल्यास मात्रा चौथाईवर येते. एप्रन घडी घालून ठेवू नये, खुंटीवर टांगावा; घडीवर शिशाच्या थराला भेगा जातात आणि त्या बाहेरून दिसत नाहीत.

प्रश्न : मोबाईलच्या मागे लावायचे 'रेडिएशनरोधक' स्टिकर आणि गळ्यात घालायचे पदक मुलांसाठी घ्यावे का? (सांगली)

उत्तर : घेऊ नये. मोबाईलच्या लहरींत अणूंमधून इलेक्ट्रॉन उडवण्याइतकी ऊर्जा नसते, म्हणून त्यांची तुलना क्ष-किरणांशी करता येत नाही. स्टिकरने लहरी खरोखर अडवल्याच, तर टॉवरशी संपर्क राखण्यासाठी मोबाईल आपली शक्ती वाढवतो. पदकांचे प्रकरण तर अधिक गंभीर आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नेदरलँड्सच्या अणुसुरक्षा नियामकाने 'फाइव्ह-जीपासून संरक्षण' म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूंसह दहा उत्पादने तपासली, तेव्हा ती स्वतःच किरणोत्सारी निघाली. लोकांनी ती वापरणे थांबवावे असे त्या नियामकाला जाहीर करावे लागले.

प्रश्न : पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञ फुगलेले पोशाख घालतात, ते का? (एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : पाषाण येथील या संस्थेत चौथ्या, म्हणजे सर्वोच्च, जैवसुरक्षा स्तराची प्रयोगशाळा डिसेंबर २०१२ मध्ये सुरू झाली. तेथील पोशाखात नळीने शुद्ध हवा सोडून आतील दाब खोलीपेक्षा जास्त ठेवतात, म्हणून पोशाख फुगलेला दिसतो. हातमोज्याला टाचणीएवढे भोक पडले तरी हवा आतून बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. खोलीचा दाब मात्र उलट, म्हणजे बाहेरच्यापेक्षा कमी असतो, जेणेकरून दार उघडले तरी हवा आतच ओढली जावी. बाहेर टाकायची हवा हेपा गाळणीतून जाते. ही गाळणी १९४० च्या दशकात अमेरिकेच्या अणुबॉम्ब प्रकल्पात किरणोत्सारी धूळ अडवण्यासाठी विकसित झाली, आणि ती ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण पकडते. बाहेर पडताना शास्त्रज्ञ पोशाखासह रासायनिक द्रावणाच्या फवाऱ्याखाली उभे राहतात.

असा पोशाख सर्वोच्च धोक्यासाठी असला, तरी साध्या कापडाच्या मास्कलाही तुच्छ लेखू नये. १९१०-११ मध्ये चीनच्या ईशान्येकडील मांचुरियात फुप्फुसाच्या प्लेगने सुमारे ६० हजार माणसे मेली. पेनांगमध्ये जन्मलेले डॉक्टर वू ल्येन-तेह यांनी हा रोग श्वासातून पसरतो असे सांगून कापूस आणि जाळीदार कापडाचे मास्क वापरायला लावले. मेस्नी या अनुभवी फ्रेंच डॉक्टरांनी त्यांचे म्हणणे उडवून लावले, मास्कशिवाय रुग्ण तपासले आणि काही दिवसांतच ते प्लेगने गेले.

प्रश्न : आमच्या गावात जुन्या विहिरीचा गाळ काढायचा आहे. उतरणाऱ्यांना चांगल्या दर्जाचे मास्क दिले तर पुरे होईल का? (संगमनेर तालुका)

उत्तर : पुरे होणार नाही, आणि या प्रश्नाचे उत्तर चुकले तर एकाच दिवशी एकाच घरातले दोन-तीन जण जातात. मास्क हवा गाळतो, प्राणवायू देत नाही. कुजलेल्या गाळातून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साठतो. हायड्रोजन सल्फाइडचा वास तर जास्त प्रमाणात असताना नाकाला कळेनासाच होतो. डिझेल पंप विहिरीत उतरवला असेल तर कार्बन मोनॉक्साइडची भर पडते. पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत प्राणवायू फार कमी असल्याचे सांगते, पण कंदील जळत राहिला म्हणून विहीर सुरक्षित ठरत नाही, आणि जळणारा वायू साठलेला असेल तर भडका उडू शकतो. साध्या हवेत प्राणवायू सुमारे २०.९ टक्के असतो, तो १९.५ च्या खाली असल्यास उतरू नये, आणि हे मोजायला वायुमापक यंत्रच हवे. उतरण्यापूर्वी आणि काम चालू असेपर्यंत पंख्याने नळीतून ताजी हवा तळापर्यंत सोडावी, उतरणाऱ्याच्या अंगाला पट्टा व दोर बांधलेला असावा आणि दोराचे दुसरे टोक वर उभ्या माणसांच्या हातात असावे. खालचा माणूस पडलाच तर त्याच्यामागे कोणीही उडी घेऊ नये. दोराने ओढावे आणि ११२ वर कळवून अग्निशमन दल बोलवावे, कारण पाठीवर हवेची टाकी घेऊन उतरण्याचे साधन त्यांच्याकडे असते.