आयरिश लोकगीतं ऐकायची तर सुरुवात कुठून

अरे एकदम पन्नास अल्बमची लिस्ट डाउनलोड करून बसू नकोस, मी तेच केलं होतं आणि महिनाभर सगळी गाणी सारखीच वाटायची. एकच घे, गायक व्हॅन मॉरिसन आणि आयरिश लोकसंगीत वाजवणारा ग्रुप द चीफ्टन्स यांचा 'आयरिश हार्टबीट', 1988 चा. गाणी दहाच आहेत, त्यातली दोन मॉरिसनची स्वतःची, बाकी बहुतेक पारंपरिक.

पहिल्यांदा शब्दांच्या मागे लागू नकोस, नुसता इलन पाइप्सचा, म्हणजे आयरिश बॅगपाइपचा, आवाज पकड. हे स्कॉटिश बॅगपाइपसारखं तोंडाने फुंकायचं वाद्य नाही बरं का, काखेत भाता धरून कोपराने हवा भरतात, 'इलन' म्हणजे कोपरच, आणि खाली एक सूर सतत धरलेला असतो, आपल्या कानाला तानपुऱ्याची सवय असल्याने तो लगेच सापडतो. इथे ते चीफ्टन्सचे पॅडी मोलोनी वाजवतात.

मग 'रॅग्लन रोड' लाव. कविता पॅट्रिक कॅव्हनाची, विसाव्या शतकातली, पण चाल जुनी, त्यामुळे पारंपरिक म्हणजे सगळंच शेकडो वर्षांचं असतं असं नाही हे तिथेच कळतं. 'मेरीज वेडिंग' तर मुळात स्कॉटलंडचं, तरी इथे मस्त खपून गेलंय.

मॉरिसनचं गाणं काहींना ओबडधोबड वाटतं, शेवटी शेवटी तर तो नुसता गुरगुरतो. मला तेच आवडतं. नाही झेपलं तर 'कॅरिकफर्गस' तेवढं दोनदा ऐक, रात्री, हेडफोन लावून.